रहस्यकथेचा वाचक आणि तीन ऋणे

१

रहस्यकथा ह्या वाङ्मयप्रकाराची चर्चा बहुधा त्याच्या प्रतिष्ठेच्या प्रश्नापाशीच घुटमळत राहते. हा प्रकार वाङ्मय म्हणून गंभीरपणे घ्यावा की केवळ करमणूक म्हणून बाजूला ठेवावा, ह्या वादात दोन्ही पक्षांचे लक्ष संहितेवर असते. वाचकाकडे ते क्वचितच वळते. वस्तुतः ह्या प्रकाराने उपस्थित केलेला खरा नैतिक प्रश्न वाचकाशी निगडित आहे. एका माणसाचा खून झाला आहे, ह्या वार्तेने कथा सुरू होते आणि ती वार्ता वाचताना वाचकाला सुख होते. हे सुख कसले? आणि ते निरपराध आहे काय?

हा प्रश्न नवा नाही. थॉमस डी क्विन्सीने १८२७ साली खुनाचा ललितकला म्हणून विचार करणारा उपरोधिक निबंध लिहिला, तेव्हाच त्याने सुसंस्कृत वाचकाच्या ह्या चोरट्या सुखावर बोट ठेवले होते. विसाव्या शतकाच्या चौथ्या-पाचव्या दशकांत ह्या प्रश्नाला विशेष धार आली. जॉर्ज ऑर्वेलने १९४४ आणि १९४६ मधील दोन निबंधांत इंग्रज वाचकाच्या खुनाविषयीच्या बदलत्या अभिरुचीचा शोध घेतला. एडमंड विल्सनने १९४५ साली रॉजर ॲक्रॉइडला कोणी मारले ह्याची पर्वा कोणाला आहे, असा प्रश्नच आपल्या लेखाच्या शीर्षकात विचारला आणि रहस्यकथांचे वाचन हे शब्दकोडी व धूम्रपान यांच्या दरम्यान कुठेतरी बसणारे व्यसन ठरवले. डब्ल्यू. एच. ऑडन स्वतः ह्या व्यसनाचा कबूल बळी होता. १९४८ च्या आपल्या निबंधात त्याने त्याचे धर्मशास्त्रीय निदान केले: रहस्यकथेचा वाचक हा पापभावनेने पछाडलेला माणूस असतो; एक अपराधी सापडला की उरलेले सारे निर्दोष ठरतात आणि वाचकही त्यांच्याबरोबर काही काळ हरवलेल्या नंदनवनात परततो.

विल्सनचा आक्षेप अभिरुचीचा आहे, ऑडनचा पापाचा. दोन्ही मते महत्त्वाची आहेत. तथापि दोन्ही अपुरी वाटतात. वाचन हे व्यसन म्हटले की प्रश्न वाचकाच्या प्रकृतीचा होतो. पापभावनेचे म्हटले की तो वाचकाच्या आत्म्याचा होतो. ज्या माणसांच्या जिवावर हे सुख उभे असते त्या माणसांशी वाचकाचे नाते काय, हा प्रश्न दोन्हीकडे निसटतो. भारतीय परंपरेत ह्यासाठी अधिक उपयुक्त अशी एक संकल्पना आहे: ऋणाची. ऋण म्हणजे पाप नव्हे. माणूस जन्माला येतो तोच काही ऋणे घेऊन. त्यात त्याचा अपराध नसतो, परंतु ती मान्य करण्याची जबाबदारी मात्र असते. रहस्यकथेच्या वाचकावरही अशी तीन ऋणे असतात: मृताचे, संशयिताचे आणि अपराध्याचे.

२

ह्या मांडणीवर एक आक्षेप आरंभीच घेतला जाईल. रहस्यकथा हा एक बौद्धिक खेळ आहे; बुद्धिबळातील प्यादे मेले म्हणून कोणी सुतक पाळत नाही, मग कथेतील प्रेताविषयी ऋणाची भाषा कशाला? ह्या आक्षेपाला प्रकाराच्या इतिहासाचा आधारही आहे. एस. एस. व्हॅन डाइनने १९२८ साली रहस्यकथेचे वीस नियम सांगितले आणि रोनाल्ड नॉक्सने १९२९ साली दहा. ह्या नियमांचे स्वरूप खेळाच्या नियमांसारखेच आहे: वाचकाला सर्व दुवे मिळाले पाहिजेत, अलौकिक शक्तींचा वापर होता कामा नये, इत्यादी.

परंतु ह्याच नियमांत आक्षेपाचे उत्तरही दडलेले आहे. व्हॅन डाइनचा एक नियम असा की, कथेत प्रेत असलेच पाहिजे. खुनाहून हलका गुन्हा चालणार नाही. हा नियम खेळाच्या तर्कातून निघत नाही. कोडे म्हणून पाहिले तर हरवलेल्या पेन्सिलीचे कोडे खुनाच्या कोड्याइतकेच गुंतागुंतीचे करता येईल. तरीही ह्या खेळाला प्रेत लागते. याचा अर्थ असा की, खेळ स्वतःच्या बळावर तीनशे पाने वाचकाला धरून ठेवू शकत नाही; त्यासाठी तो मृत्यूचे गांभीर्य उसने घेतो आणि ते घेतल्यावर त्याची परतफेड मात्र नाकारतो. बुद्धिबळाची उपमा येथेच कोसळते. प्यादे हे कधी माणूस नव्हतेच. कथेतील मृत मात्र माणूस म्हणूनच कथेत येतो आणि माणूस होता म्हणूनच त्याच्या मरणाला किंमत असते.

पहिल्या ऋणाचे हे स्वरूप आहे. त्झ्वेतान तोदोरोव्हने १९६६ साली रहस्यकथेच्या प्रकारांचे विवेचन करताना दाखवून दिले की, अशा कथेत दोन कथा असतात: गुन्ह्याची आणि तपासाची. पहिली घडून गेलेली, म्हणून अनुपस्थित. दुसरी समोर घडणारी, परंतु स्वतः बिनमहत्त्वाची. हा निष्कर्ष त्याने रचनेपुरता काढला असला तरी त्याला एक नैतिक बाजू आहे. पहिली कथा मृताची असते, दुसरी वाचकाची. मृताची कथा अनुपस्थित राहते म्हणूनच वाचकाची कथा सुरू होऊ शकते.

एडगर ॲलन पोच्या लेखनात ही गोष्ट लख्खपणे दिसते. १८४१ साली न्यूयॉर्कमधील तंबाखूच्या दुकानात काम करणाऱ्या मेरी रॉजर्स ह्या तरुणीचे प्रेत हडसन नदीत सापडले. पोने तिची कथा पॅरिसमध्ये नेली, तिचे नाव मेरी रोजे असे केले आणि वृत्तपत्रांतील मजकुराच्या आधारे तिच्या मृत्यूची उकल करण्याचे काम आपल्या द्युपँकडे सोपवले. १८४२-४३ मध्ये ही कथा क्रमशः प्रसिद्ध होत असतानाच, मेरीचा मृत्यू गर्भपाताच्या प्रयत्नात झाला असावा अशी वार्ता पुढे आली. पोची उकल अडचणीत आली. १८४५ च्या पुस्तकात त्याने मजकुरात असे फेरफार केले की नवी शक्यताही आपल्या ध्यानात होती असे वाटावे. खऱ्या मेरीच्या मृत्यूचा उलगडा कधीच झाला नाही. पोला तिच्या मृत्यूपेक्षा आपल्या तर्काची प्रतिष्ठा अधिक मोलाची वाटली असे म्हणणे कठोर होईल, पण चुकीचे होणार नाही. मेरीच्या आयुष्यात जे होते, म्हणजे तिची भीती, तिचा एकटेपणा, तिच्या काळाने तिच्यापुढे ठेवलेले मोजके आणि घातक पर्याय, ते सारे कथेच्या बाहेरच राहिले. आत आले ते केवळ तिचे प्रेत.

येथे रसचर्चेतील एका जुन्या प्रश्नाचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. शोक दुःखद असताना करुण रस आनंददायी कसा, ह्या प्रश्नाला भट्टनायक आणि अभिनवगुप्त यांनी साधारणीकरणाच्या आधारे उत्तर दिले. शोक व्यक्तिगत संबंधांतून मुक्त होतो आणि म्हणून त्याची चर्वणा शक्य होते. करुण रसाचा रसिक शोकातून जाऊनच आनंदापाशी पोचतो. रहस्यकथेत मात्र शोकाचे साधारणीकरण होत नाही. त्याला मुळात प्रवेशच नसतो. मृताच्या नातेवाइकांचा शोकसुद्धा तेथे दुवा म्हणून तपासला जातो: विधवा खरेच रडते आहे की रडण्याचे सोंग करते आहे? ह्या प्रकाराचा स्थायीभाव विस्मय आहे हे खरे; पण येथील विस्मय शोकाला ओलांडून आलेला नसून त्याला बगल देऊन आलेला असतो. शोकात्मिकेचे सुख आणि रहस्यकथेचे सुख यांतील भेद प्रतिष्ठेचा नाही. तो ह्या वाटेचा आहे.

३

दुसरे ऋण संशयिताचे. अभिजात रहस्यकथेचा एक संकेत असा की, प्रत्येकावर संशय घेता आला पाहिजे. त्यासाठी प्रत्येकाकडे लपवण्यासारखे काही असावे लागते. ॲगाथा ख्रिस्तीची १९२६ मधील रॉजर ॲक्रॉइडविषयीची कादंबरी तिच्या धक्कादायक उकलीसाठी प्रसिद्ध आहे. पण त्या उकलीपर्यंत पोचताना काय काय उघडे पाडले जाते याकडे सहसा लक्ष जात नाही. घर सांभाळणाऱ्या बाईला विवाहबाह्य संबंधातून झालेला, व्यसनाच्या आहारी गेलेला मुलगा. पुतणीने केलेली चाळीस पौंडांची चोरी. सावत्र मुलाने घरातील नोकर मुलीशी गुपचूप केलेले लग्न. विधवा भावजयीची कर्जे. ह्यांतल्या एकाही गोष्टीचा खुनाशी प्रत्यक्ष संबंध नाही. तरीही उकल पूर्ण व्हावयाची तर ती सारी बाहेर काढावी लागतात आणि ती निघत असताना वाचकाचे कुतूहल क्षणभरही संकोचत नाही. कोणाचे खासगी दुःख चव्हाट्यावर येत आहे, ही जाणीव त्याला होत नाही, कारण त्याच्या दृष्टीने ती केवळ एक शक्यता बाद झालेली असते.

प्रत्यक्ष जीवनात संशय ही इतकी स्वस्त वस्तू नाही. पोलिसांपुढील कबुलीजबाब आरोपीविरुद्ध सिद्ध करता येणार नाही, असे १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याच्या २५व्या कलमाने ठरवले. जुलै २०२४ पासून त्या कायद्याची जागा घेणाऱ्या भारतीय साक्ष अधिनियमातही हे तत्त्व टिकून आहे. कायद्याला कबुलीची भीती वाटते, कारण ती कशी मिळवली जाते हे त्याला ठाऊक आहे. उलट रहस्यकथेला कबुलीचे अतोनात प्रेम. सर्वांना दिवाणखान्यात बोलावून एकेकाला सोलून काढण्याचा शेवटचा प्रसंग आणि त्यानंतर अपराध्याने तोंडाने दिलेली कबुली, ह्यांशिवाय वाचकाचे समाधान होत नाही. कायद्याला आणि वाचकाला एकाच माणसाकडून नेमक्या विरुद्ध गोष्टी हव्या असतात, हे विचार करण्याजोगे आहे.

ह्या ऋणाची जाणीव ख्रिस्तीला नव्हती असे मात्र नाही. १९३४ साली प्रसिद्ध झालेल्या 'मर्डर ऑन द ओरिएंट एक्सप्रेस' ह्या कादंबरीमागे १९३२ मधील लिंडबर्ग बालकाच्या अपहरणाची आणि हत्येची घटना आहे. त्या तपासात लिंडबर्ग यांच्या पत्नीच्या माहेरी काम करणाऱ्या एका नोकर तरुणीची वारंवार उलटतपासणी झाली. अखेर तिने विष घेतले. गुन्ह्याशी तिचा संबंध नव्हता हे नंतर स्पष्ट झाले. ख्रिस्तीच्या कादंबरीतही बालकाच्या हत्येनंतर संशयापायी जीव देणारी एक निरपराध दाई आहे. आगगाडीतील खुनात सहभागी झालेल्या बारा जणांत तिचा बाप आहे आणि तिच्यावर प्रेम करणारा पुरुषही आहे. याचा अर्थ असा की, ते दोघे केवळ मेलेल्या बालकासाठी आलेले नाहीत. संशयाने मारलेल्या मुलीसाठीही आले आहेत. बाराही जणांवर संशय घेत घेत पुढे सरकणारा वाचक शेवटी अशा ठिकाणी येऊन पोचतो की, संशयानेही माणूस मरतो हे त्याला दिसावे. बहुतेकांना ते दिसत नाही, कारण तोवर उकलीच्या चातुर्याने डोळे दिपलेले असतात. ते ऋण संहितेत नोंदलेले आहे. वाचकाने वाचलेले नाही एवढेच.

४

तिसरे ऋण सर्वांत अवघड, कारण ते अपराध्याचे आहे. ज्या काळात ही कथा घडली आणि वाढली त्या काळात इंग्लंडमध्ये खुनाची शिक्षा फाशी होती. ती १९६५ साली स्थगित झाली आणि १९६९ साली कायमची गेली. म्हणजे गुप्तहेराने बोट रोखले की त्या बोटाच्या पलीकडे फासाचा दोर होताच. प्रकाराचा इतिहास ह्या दृष्टीने पाहिला तर एक विलक्षण गोष्ट लक्षात येते: हा दोर वाचकाच्या नजरेस पडू नये याची काळजी प्रारंभापासून घेतली गेली आहे. पोच्या १८४१ मधील पहिल्या कथेत खुनी माणूसच नाही, ओरांग-उटान आहे. १८८७ साली शेरलॉक होम्स अवतरला त्या 'अ स्टडी इन स्कार्लेट' मधील खुनी रक्तवाहिनीच्या विकाराने खटल्यापूर्वीच मरतो. १९२६ मध्ये पॉयरो खुन्याला आत्महत्येची वाट मोकळी ठेवतो. १९३४ मध्ये तो दोन उकली मांडतो आणि खोटी स्वीकारली जाऊ देतो. प्रत्येक वेळी कारण वेगळे आणि त्या त्या कथेत पटणारे. परंतु परिणाम एकच. सत्य शोधण्याचे सुख वाचकाच्या पदरात पडते आणि त्या सत्याची किंमत कोणी दुसरे, किंवा दैव, परस्पर चुकती करते.

ह्या पार्श्वभूमीवर डोरोथी सेयर्सच्या १९३७ मधील 'बसमन्स हनिमून' ह्या कादंबरीचे मोल ध्यानात येते. लॉर्ड पीटर विम्झी आणि हॅरिएट वेन नवविवाहित दांपत्य म्हणून खेड्यातील घरी येतात. तळघरात घराच्या पूर्वीच्या मालकाचे प्रेत सापडते. टांगलेली जड कुंडी आणि रेडिओचे कपाट यांची यंत्रणा, चाळीस पौंडांचे बुडालेले कर्ज, खुनी माळी: उकल नेहमीच्या पद्धतीची, चतुर आणि नीटस. ह्या बिंदूपाशी पुस्तक संपावयास हवे होते. ते संपत नाही. विम्झी स्वतःच पकडून दिलेल्या माणसासाठी उत्तम वकील देतो. शिक्षा झाल्यावर त्याला भेटून क्षमा मागतो आणि ती त्याला मिळत नाही. फाशीच्या आदल्या रात्री त्याला झोप येत नाही. सकाळी आठच्या सुमारास, ठरलेल्या घटकेला, तो पत्नीच्या कुशीत रडतो. अपराधी काही पश्चात्तापदग्ध सज्जन नाही. तो लोभी आणि कडवट आहे, आणि शेवटपर्यंत तसाच राहतो. सेयर्सने त्याला मऊ केले असते तर वाचकाची सुटका झाली असती. ऋण सज्जनाचेच असते असे नाही, हे ह्या शेवटाने दाखवले आहे. ह्या कादंबरीनंतर सेयर्सने विम्झीची दुसरी कादंबरी पूर्ण केली नाही. त्यामागे अनेक कारणे असतील. पण दोर एकदा दाखवल्यावर पूर्वीच्या निश्चिंतपणे खेळ पुन्हा मांडणे अवघड होते, असा अर्थ त्यातून निघू शकतो.

मराठी वाचकाच्या संदर्भात ह्या तिसऱ्या ऋणाला निराळे वळण मिळते. हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिणाऱ्या बाबूराव अर्नाळकरांनी वाचनालयांतून कित्येक पिढ्यांना वाचनाची गोडी लावली, हे त्यांचे कार्य समीक्षेने पुरेसे मानलेले नाही. त्यांचे झुंझार आणि काळा पहाड हे नायक इंग्रजी गुप्तहेराप्रमाणे दुवे जुळवून अपराधी कायद्याच्या स्वाधीन करण्यावर थांबत नाहीत. ते कायद्याच्या कडेला उभे राहून दुष्टांना शासन करतात. परकीय सत्तेच्या पोलिसांविषयी ज्या समाजाला भरवसा वाटला नाही, त्या समाजाच्या कल्पनाविश्वात न्याय कायद्याबाहेर जाऊन वसावा, हे समजण्यासारखे आहे. पण सत्ता पालटल्यावरही ती सवय टिकली. खटला हा अडथळा, वकील हा अपराध्याचा साथीदार आणि तत्काळ शासन हाच न्याय, ही धारणा रहस्यकथेतून चित्रपटात गेली आणि पोलिसी चकमकींच्या कौतुकापर्यंत येऊन पोचली. तिचे खापर अर्नाळकरांवर फोडणे अन्यायाचे होईल. लोकप्रिय वाङ्मय समाजाची इच्छा घडवते त्याहून अधिक ती व्यक्त करते. तरीही एवढे खरे की, इंग्रजी रहस्यकथेने वाचकापासून दोर लपवला आणि मराठी रहस्यकथेने तो नायकाच्या हाती देऊन वाचकाला टाळ्या वाजवावयास लावल्या. भारतात 'विरळातील विरळ' प्रकरणी फाशी द्यावी हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली घालून दिले आणि ती शिक्षा आजही कायद्यात आहे. म्हणून येथील वाचकाला हा प्रश्न इतिहासजमा म्हणून टाकून देता येत नाही.

५

तीन ऋणे मान्य केली तर रहस्यकथा वाचणेच सोडावे काय? असा निष्कर्ष काढणे म्हणजे ऋणाला पुन्हा पाप समजणे होय. ऑडनने कल्पनारंजन आणि कला यांत भेद केला होता: पहिल्यात वाचक स्वतःचे दुःख टाळतो, दुसऱ्यात दुसऱ्याच्या दुःखात सहभागी होतो. म्हणून दस्तयेव्हस्कीची 'गुन्हा आणि शिक्षा' (१८६६) एका बाजूला आणि रहस्यकथा दुसऱ्या बाजूला, अशी त्याची विभागणी होती. परंतु ख्रिस्तीची निरपराध दाई आणि सेयर्सची अखेरची सकाळ पाहता ही भिंत त्याला वाटली तितकी उंच नाही. रहस्यकथा आपली ऋणे जाणू शकते. प्रश्न आहे तो वाचक ती जाणतो काय, हा.

काळ पुढे गेला तसा हा प्रश्न अधिकच निकडीचा झाला आहे. खऱ्या गुन्ह्यांवरील ध्वनिमालिका आणि चित्रमालिका यांनी गेल्या दशकभरात पोचीच रीत पुन्हा प्रचारात आणली. बॉल्टिमोरमधील एका शाळकरी मुलीच्या १९९९ मधील खुनावर २०१४ साली 'सीरियल' ही अमेरिकी ध्वनिमालिका आली, तेव्हा असंख्य श्रोते हौशी गुप्तहेर बनले. एका शिक्षेविषयी वाजवी शंका उपस्थित करणे हे समाजोपयोगी कार्य आहे, यात वाद नाही. परंतु मुलीच्या कुटुंबीयांना मात्र आपला शोक परक्यांच्या कुतूहलाचा विषय झालेला पाहावा लागला. येथे प्यादे हे प्यादे नव्हतेच, हे सांगण्याचीही गरज उरत नाही. कल्पित कथेत लागलेल्या वाचनाच्या सवयी प्रत्यक्षावर वापरल्या की ऋण रूपकात्मक राहत नाही.

रहस्यकथेविरुद्ध नेहमी असे म्हटले जाते की, ती दुसऱ्यांदा वाचता येत नाही. उकल कळली की संहिता संपली. हे विधान तपासून पाहण्याजोगे आहे. पहिल्या वाचनात वाचक उकलीच्या मागे धावत असतो आणि त्या धावण्यात तिन्ही ऋणे मागे पडतात. ती पाडण्यासाठीच ह्या कथेची रचना असते. दुसऱ्या वाचनात धावण्याचे कारण उरत नाही. विधवेचे रडणे आता दुवा राहत नाही, ते रडणे होते. घर सांभाळणाऱ्या बाईची घालमेल दिशाभूल राहत नाही, मुलाला वाचवू पाहणाऱ्या आईची घालमेल होते. खुनी कोण हे ठाऊक असल्यामुळे त्याचे प्रत्येक साधे वाक्य भीतीने भरलेले दिसते. जी कथा ह्या वाचनात पोकळ ठरते, तिने मृत्यूचे गांभीर्य उसने घेऊन बुडवले असे समजावे. जी उभी राहते, तिने ते फेडण्याची सोय संहितेतच करून ठेवलेली असते. ह्या प्रकाराचे मूल्यमापन करणाऱ्या समीक्षेने चातुर्याच्या कसोटीबरोबर ही दुसऱ्या वाचनाची कसोटीही लावून पाहावी. अर्नाळकरांपासून पुढच्या मराठी रहस्यकथेचे असे वाचन अद्याप व्हावयाचे आहे.